तीन नंबरची कोंबडी

मेट्रन कायमच्या राहायला आल्या त्या एकच ट्रंक घेऊन, आणि ती बघून वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने नणंदेसाठी अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं, ते पुरलं असतं. पण पाचच मिनिटांत दारात ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यातून सामान उतरू लागलं. सात खिडक्या, दोन झुलते दरवाजे, चार लोखंडी खाटा, औषधांचं एक उंच कपाट आणि पांढऱ्या टाइल्सची खोकी. वहिनीने दाराची चौकट घट्ट धरली.

"वन्सं, हे काय?"

"आमच्या हॉस्पिटलची जुनी इमारत पाडतायत. सगळं भंगारात चाललं होतं. मी म्हटलं, हे माझं आहे, मी नेणार."

"तुमचं कसं?"

"पस्तीस वर्षं पुसलंय मी ते. माझं नाही तर कुणाचं?"

वहिनी टाइल्सची खोकी बाजूला सरकवू लागली. तिचा नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता; वर्षातले दहा महिने तो पाण्यावर असायचा आणि घरात ती एकटी. पुढच्या खोलीत दाराशी बसून ती रफू करायची. कसर लागलेले कोट, सिगरेटने भोक पडलेल्या पँटी, उंदराने कुरतडलेल्या शाली असं काय काय तिच्याकडे यायचं आणि न फाटल्यासारखं होऊन परत जायचं. कमी बोलायचं आणि बारीक बघायचं, ही तिची सवय. मेट्रन तिच्या नेमक्या उलट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दूधवाल्याला नखं कापायला लावली आणि समोरच्या किल्लीवाल्याचा जुना खोकला तपासला. गल्लीने त्यांना 'मेट्रन' हे नाव देऊन टाकलं. घरात त्यांनी भावजयीला नाव दिलं 'रफू'.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा वहिनीने ट्रकची हकीगत सांगितली. तो खोखो हसला. "ताईला अडवू नकोस. मला जन्मात जमलं नाही ते."

बेत असा होता. घराच्या मागे पत्र्याची पडवी होती, पावसाळ्यात गळायची, एरवी तिच्यात अडगळ. ती काढून तिथे खिडक्या लावून मेट्रनसाठी खोली करायची, नवी एक वीटही विकत न आणता. पण त्याआधी कोंबड्या.

"कोंबड्या?" वहिनी म्हणाली. तिने जिवंत कोंबडीला आयुष्यात हात लावला नव्हता.

"पस्तीस वर्षं रोज सकाळी शंभर पेशंटांना उकडलेलं अंडं वाटलंय मी. एकही ताजं नव्हतं. आता मला ताजं अंडं पाहिजे. आधी कोंबड्यांची सोय, मग माझी."

मग पंधरा दिवस घरात ठोकाठोक चालली. जुन्या फळ्यांमधले खिळे वहिनी उपटायची आणि दगडावर ठेवून हातोडीने सरळ करायची. एकही फेकायचा नाही, अशी ताकीद होती. दोन खाटांच्या जाळ्या उभ्या करून तारेने बांधल्या, त्या झाल्या भिंती. उरलेल्या दोन आडव्या टाकून वर पत्रा घातला. औषधांचं कपाट आडवं झोपवलं आणि त्याच्या खणांत भुसा भरला. जिथे इंजेक्शनं असायची तिथे आता अंडी घालायची. मुलामा उडालेलं बेसिन पाण्याला. झुलत्या दरवाजांपैकी एक अर्धा कापून खुराड्याला बसवला, त्याच्या स्प्रिंगच्या बिजागऱ्यांसकट.

"हा दोन्हीकडे उघडतो ना?" वहिनीने विचारलं.

"तेच तर! हात भरलेले असले की कोपराने ढकलायचा. बाहेरून कडी लावली की झालं."

कडी मेट्रननी स्वतः बसवली. तशी त्यांची सुतारकी यथातथाच होती. फळी दोनदा मोजून तिसऱ्यांदा आखूड कापायच्या. हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर घ्यायच्या आणि वर वहिनीलाच म्हणायच्या, "तू मध्ये बोललीस." लाकडावरून त्या बोटं फिरवत बसायच्या, जशी वहिनी कापडावरून फिरवते. वहिनीला वाटायचं, माणूस हट्टी असला की कामात असा धांदरटपणा येतोच.

चार कोंबड्या आल्या. तीन तांबड्या, एक काळी-पांढरी ठिपक्यांची. खाटांवर जुने आकडे रंगवलेले होतेच, मेट्रननी तेच आकडे कोंबड्यांना दिले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. ठिपक्यांची ती तीन नंबर. सकाळी सातला दाणा, दहाला पाणी बदलायचं, चारला अंगणात फिरायला सोडायचं, सहाला आत. भिंतीवर तक्ता टांगला गेला. कुणी किती अंडी दिली, कुणाची तब्येत कशी. पहिलं अंडं आलं तेव्हा मेट्रन ते हातात धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की वहिनीला वाटलं आता त्या त्याचं वजन करणार. त्यांनी ते दोघींत अर्धं-अर्धं केलं. वहिनीला मनातून मान्य करावं लागलं की असं अंडं तिने खाल्लं नव्हतं.

कोंबड्यांची भीतीही हळूहळू गेली. पहिल्यांदा एक नंबरला उचललं तेव्हा तिच्या पंखांखालची ऊब हाताला लागली आणि वहिनी दचकलीच. एवढ्याशा जिवात एवढी शेगडी! तीन नंबर मात्र हाती यायची नाही. सगळ्यांत वाचाळ तीच, दिवसभर तक्रारी सांगत फिरायची. आणि गेले दहा-बारा दिवस तिच्या नावापुढे तक्त्यावर भोपळाच होता. "आळशी आहे," मेट्रननी शेरा मारला.

एके दिवशी जेवताना मेट्रन सहज म्हणाल्या, "उद्या मी दोन दिवस नाही. डोळ्याचं किरकोळ काम आहे. मोतीबिंदू."

"अहो, ऑपरेशन? मी येते ना सोबत."

"हॉस्पिटलात जायला मला सोबत? मग कोंबड्यांना कोण बघणार? तू सगळं सांभाळ. कडी लावायला विसरू नकोस."

जाताना एवढंच तीनदा सांगून गेल्या. कडी, कडी, कडी.

वहिनीने संध्याकाळी चौघींना आत घातलं आणि कडी लावली. लावली होती, ती शपथेवर सांगू शकली असती. निदान त्या संध्याकाळी तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाण्याचा डबा घेऊन मागे गेली, तर दरवाजा हवेवर हलत होता आणि खुराड्यात चिटपाखरू नव्हतं. ती तिथेच उलट्या बादलीवर बसली.

मग उठली आणि गल्लीभर धावली. पायात एक चप्पल तिची, एक मेट्रनची. किल्लीवाल्याच्या टेबलाखाली एक नंबर सापडली, तो म्हणाला, "मी म्हटलं सकाळी सकाळी गिऱ्हाईक आलं." दोन नंबर एका स्कूटरच्या सीटवर बसली होती. चार नंबर गटाराच्या कडेला स्वतःचीच सावली टोचत होती. तिघींना आत टाकून तिने दार सुतळीने बांधलं, कडीकडे तिला बघवेना. तीन नंबरचा पत्ता नाही. वहिनीने गच्च्या पाहिल्या, जिने पाहिले, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाड्यांखाली वाकून पाहिलं. गॅरेजवाला म्हणाला, "इकडे दोन मांजरं फिरतात बघा." वहिनीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण घरी येऊन जेवायला बसली तर घास उतरेना.

रात्रभर ती एकच गोष्ट आठवत राहिली. कडी लावली तेव्हा हाताला लोखंड गार लागलं होतं की नव्हतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रन परत आल्या. हॉस्पिटलच्या गाडीतून उतरताना त्यांनी आधी पाय हवेत चाचपला, मग जमिनीवर टेकला. एका डोळ्यावर झाकण होतं, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, तो महिन्याने काढायचा होता. वहिनीने हात दिला आणि मेट्रननी तो चक्क धरला. नेहमी ताठ चालणारी ही बाई पहिल्यांदाच म्हातारी दिसली.

"चौघी बऱ्या आहेत ना?" त्यांनी उंबऱ्यातच विचारलं.

"बऱ्या आहेत," वहिनी म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग परत घेण्याची सोय राहिली नाही. डॉक्टरांनी आठवडाभर धुळीत जाऊ नका, वाकू नका, जड उचलू नका असं बजावलं होतं, म्हणजे मेट्रन खुराड्याकडे फिरकणार नव्हत्या. वहिनीला वाटलं, एवढ्यात ती सापडेलच, आजारी माणसाला उगाच कशाला घोर. संध्याकाळी मेट्रन काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत बसायच्या आणि वहिनी अहवाल द्यायची. एक नंबरने अंडं दिलं. चार नंबरने दिलं. तीन नंबर? बरी आहे, दाणा खातेय. एकदा तर तिने घाईघाईत सांगून टाकलं की आज तीन नंबरने पण दिलं. मेट्रन नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांनी तक्ता मागितला नाही, चूक काढली नाही, काहीच नाही. एरवी मिठाच्या डब्याचं झाकण तिरकं असलं तरी त्यांना चालायचं नाही.

काम होईना. एका कोटाच्या बाहीचं रफू तिने तीनदा उसवलं. बारीक दोरा डोळ्यांपुढे नाचायचा.

पाचव्या दिवशी तिने ठरवलं की हे निस्तरायचंच. दोरे आणायला जाते असं सांगून ती बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात गेली आणि पिंजऱ्यामागून पिंजरे बघत ठिपक्यांची कोंबडी शोधून काढली. अगदी तश्शी नव्हती, मानेवर जरा जास्तच पांढरी होती, पण मोतीबिंदूला काय कळणार? असा विचार मनात आला आणि वहिनीला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने कोंबडी कापडी पिशवीत घातली. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "तुमची पिशवी माझ्याकडे बघतेय." वहिनीने तिचं डोकं आत दाबलं.

घरी आली तर पुढची खोली रिकामी. मागे मेट्रन खुराड्यापुढे स्टुलावर बसल्या होत्या. काळा चष्मा कपाळावर चढवलेला, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि मांडीवर ती कडी. सुटी.

"अहो वन्सं! धूळ! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"बस," मेट्रन म्हणाल्या. आवाज मेट्रनचा नव्हता. "तीन नंबर गेली ना?"

वहिनीला वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं. "तुम्हाला कसं..."

"आल्या दिवसापासून माहीत आहे. डोळे गेले होते, कान नाही. पाच दिवसांत तिची एक तक्रार ऐकली नाही मी."

"मग बोलला का नाहीत?" वहिनीने पदराने डोळे पुसले. "वन्सं, चूक माझी आहे. मी कडी लावली होती, असं मला वाटतंय, पण आता खात्री नाही राहिली. मी खोटं बोलले तुमच्याशी. पाच दिवस."

"अगं, तू लावली होतीस." मेट्रननी कडी पुढे केली. "चूक माझी आहे. ही बसवली तेव्हा मला स्क्रू दिसतच नव्हते. नुसते चाचपडून पिळले. वाटलं, कुठे सांगत बसायचं. मग ती गेली, आणि तू म्हणालीस चौघी बऱ्या आहेत. मी म्हटलं, विचारलं तर हिला खरं सांगावं लागेल, आणि खरं माझ्यावरच येईल. म्हणून तुला खोटं बोलू दिलं."

आणि तेवढ्यात वहिनीच्या काखेतली पिशवी मोठ्याने म्हणाली, "कॉक्."

"हे काय आहे?"

"तीन नंबर," वहिनी म्हणाली आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "म्हणजे, बदली."

मेट्रननी पिशवीत डोकावून पाहिलं. आधी खांदे हलले, मग सगळ्या हलू लागल्या. डोळ्याला ताण नको म्हणून एका हाताने तो डोळा झाकत, दुसऱ्याने स्टूल धरत त्या हसत राहिल्या. "बदली! रजेवर गेलेल्या नर्सच्या जागी द्यावी तशी!"

हसू ओसरल्यावर वहिनीने कडी हातात घेतली. मग दरवाजापाशी जाऊन स्क्रूची भोकं पाहिली, करंगळी घालून पाहिली. तिच्या सवयीप्रमाणे बराच वेळ पाहिलं.

"वन्सं, तुमचे डोळे धड असते तरी ही कडी टिकली नसती."

"माझं मन राखू नकोस."

"राखत नाही. हे बघा, या जागेवर हॉस्पिटलात आधी किती कड्या बसवून काढल्यात. सगळं लाकूड पोकळ झालंय. विरलेल्या कापडात टाका धरत नाही, तसं आहे हे. कोंबडीने आतून नुसती पाठ टेकली असेल, की दार उघडलं."

मेट्रननी वाकायचं नाही म्हणून मान न वाकवता तिथे बोट घातलं. पहिलं पेर सहज आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढून पदराला पुसलं. मग भलतंच बोलल्या.

"निवृत्तीला दोन वर्षं असताना मी नोकरी का सोडली, माहीत आहे? एकदा इंजेक्शनची बाटली चुकीची उचलली. लेबल वाचलं असं मला वाटलं होतं. हाताखालच्या पोरीने हात धरला माझा. कुणाला काही झालं नाही. पण त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. तुझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही."

"पोरीने धरला ना हात," वहिनी म्हणाली. "आणि त्यानंतर तुम्ही एकही बाटली उचलली नाहीत."

"नाही उचलली."

"मग झालं तर."

एवढंच. पण मेट्रननी खांदे सैल सोडले, जसे कुणी तरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं.

मग त्या नव्या डोळ्याने इकडेतिकडे बघू लागल्या, आणि बघता बघता त्यांच्या अंगात मेट्रन परत आली. "त्या पत्र्याला केवढं जळमट आहे! आणि ही बादली कधी घासली होती? आणि तिथे ते काय आहे?"

त्या बोट दाखवत होत्या पडवीच्या भिंतीकडे. तिथे सातही खिडक्या एकीला एक टेकवून उभ्या होत्या, आणि शेवटच्या खिडकीच्या काचेला आतून एक पीस चिकटलं होतं. काळं, वर पांढरा ठिपका.

वहिनीने पिशवी मेट्रनच्या मांडीवर ठेवली आणि धावली. एकेक खिडकी उचलून बाजूला करू लागली. मेट्रन बसल्या जागेवरून हुकूम सोडत होत्या, "हळू! काच! उलटी धर!" पाचवी खिडकी सरकली आणि आतल्या अंधारातून कुणीतरी गुरगुरलं.

तीन नंबर भिंतीच्या कोपऱ्यात, जुन्या गोणपाटावर बसली होती. पण काय अवतार! सगळी पिसं फुललेली, दुपटीने मोठी झालेली, डोळे तारवटलेले. वहिनीने हात पुढे केला तर कचकन चावली.

"वन्सं, आहे! पण काहीतरी झालंय तिला. उठत नाही. पोटाची पिसं गळलीत. अंग तापलंय नुसतं!"

"ताप," मेट्रन म्हणाल्या. "श्वास मोज. खाणं बंद, अंगावर सूज. फुप्फुसाचं असेल. किंवा आतडं. तिला वेगळं ठेवायला हवं. किल्लीवाल्याला हाक मार, त्याच्या आईकडे कोंबड्या होत्या म्हणत होता."

किल्लीवाला हात पुसत आला. त्याने वाकून पाहिलं, मग पांढऱ्याफटक पडलेल्या या दोघींकडे पाहिलं.

"आजारी कसली? खुडूक झालीय ती."

"म्हणजे काय? कितपत गंभीर आहे?" मेट्रननी विचारलं.

"अंड्यांवर बसलीय हो. पिलं काढायची म्हणून. दिवसातून एकदा हळूच उठत असेल, चार दाणे टिपून परत येत असेल." त्याने तिच्या पोटाखाली सराईतपणे हात घातला आणि एक अंडं काढलं, मग दुसरं, मग तिसरं. अकरा निघाली. "कोंबडा आहे का तुमच्याकडे?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"मग बसून काही उपयोग नाही. पण ते तिला कोण सांगणार?"

म्हणजे दहा-बारा दिवस ती आळशी नव्हती. चार वाजता फिरायला सोडलं की खिडक्यांच्या मागे जाऊन चोरून अंडं घालत होती, आणि दरवाजा उघडा मिळाल्यावर थेट तिथेच जाऊन बसली. सगळी गल्ली पालथी घातली, आणि बाई घरातच! वहिनी जमिनीवर फतकल मारून बसली. पाच दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुठे गेला ते तिला कळलंच नाही. तिला एकाएकी कडकडून भूक लागली.

दरवाजाचं काम त्याच दुपारी उरकलं. वहिनीने काड्यापेटीतल्या काड्यांची डोकी मोडून, त्यांना डिंक लावून त्या भोकांत घट्ट ठासल्या, रफूला खालून दोरा भरतात तशा. वाळल्यावर किल्लीवाल्याने त्यात स्क्रू पिळले. त्याने कडीला लोंबकळून पाहिलं, हलली नाही. मेट्रन तोवर काड्यापेटी हातभर लांब धरून तिच्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचत होत्या, शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झालं की पेटी फिरवून दुसरी बाजू.

त्या संध्याकाळी दोघींनी चार-चार अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं. म्हणजे ताज्या अंड्यांचं. खिडकीमागची अकरा मेट्रननी पाण्यात बुडवून तपासली आणि शंका आली ती फेकून दिली. जेवून मेट्रन खुर्चीतच झोपल्या, तोंड उघडं टाकून. वहिनीने दिव्याखाली तो कोट घेतला. बाहीचं रफू एका बैठकीत झालं, आणि सकाळी गिऱ्हाइकाने भोक कुठे होतं ते शोधून पाहिलं तरी त्याला सापडलं नाही.

तीन नंबरचं खूळ उतरायला आणखी आठवडा लागला. तिला रोज उचलून बाकीच्यांत सोडावं लागायचं, आणि ते काम मेट्रननी वहिनीकडेच ठेवलं, कारण चावे खायची तिला आता सवय झाली होती. बाजारातून आलेली बदली पाच नंबर म्हणून कायम झाली. महिन्याने दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. या वेळी मेट्रन आदल्या दिवशीच म्हणाल्या, "रफू, लवकर आवर उद्या. तुला माझ्यासोबत यायचंय." कोंबड्या किल्लीवाल्याने सांभाळल्या. परत आल्यावर मोजल्या तर पाच भरल्या, आणि मग दोघी मेट्रनच्या खोलीसाठी टाइल्सची खोकी फोडायला बसल्या.